दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा काळ
(इयत्ता सातवी : भूगोल व गणित यांचा संयुक्त पाठ)

जळगावहून धुळे किती दूर, हा प्रश्न सातवीच्या वर्गास विचारला असता एकच उत्तर येत नाही. एस. टी. ने गेलेला मुलगा नव्वद-पंचाण्णव किलोमीटर सांगतो. ज्याचे मामा आगगाडीने चाळीसगावावरून जातात, तो दीडशेच्या आसपास म्हणतो. एखादी मुलगी नकाशावर पट्टी ठेवते, प्रमाणाशी ताडून पाहते आणि ऐंशीच्या थोडे पुढे असे बोलते. मागच्या बाकावरून कोणी तरी ‘दोन-अडीच तास’ असेही उत्तर देतो, आणि वर्ग हसतो.

अशा वेळी एक उत्तर बरोबर व उरलेली चूक, असा निवाडा शिक्षकाने करू नये. चारही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. अपुरा आहे तो प्रश्न. मागच्या बाकावरील मुलास तर हसूच देऊ नये, कारण प्रवासास निघणारा माणूस बहुधा तोच विचार करीत असतो. सरळ अंतर, मार्गाचे अंतर आणि प्रवासास लागणारा काळ या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांतील एकीवरून दुसरी आपोआप निघत नाही, हे मुलांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू होय. ‘अंतर भागिले वेग बरोबर वेळ’ हे सूत्र मुलांस तोंडपाठ असते. ते सूत्र खोटे नाही. परंतु त्यात कोणते अंतर घालावयाचे आणि कोणता वेग, हे विचारण्याची सवय त्यांस नसते.

साहित्य फारसे लागत नाही. भारताचा अक्षांश-रेखांशांसह भिंतीवरील नकाशा, एक पृथ्वीगोल, दोरा, मोजपट्टी आणि एक मोसंबे एवढे पुरे. पृथ्वीगोल शाळेत नसल्यास चेंडूवर रेघा आखून काम भागते.

सरळ अंतर काढण्याची रीत

प्रथम जळगाव आणि धुळे यांचीच स्थाने घ्यावीत. जळगाव सुमारे २१° ०′ उत्तर अक्षांश व ७५° ३४′ पूर्व रेखांशावर आहे; धुळे २०° ५४′ उत्तर व ७४° ४७′ पूर्व येथे आहे. म्हणजे अक्षांशांत फरक अवघा ६ मिनिटांचा, रेखांशांत मात्र ४७ मिनिटांचा. धुळे हे जळगावच्या जवळजवळ थेट पश्चिमेस आहे, ही गोष्ट एवढ्यावरूनच ध्यानी येते.

आता अंशांचे किलोमीटर करावयाचे. अक्षांशाचा एक अंश कोठेही मोजला तरी सुमारे १११ किलोमीटर भरतो. रेखांशाचे तसे नाही, आणि येथेच मुले अडखळतात. शिक्षकाने मोसंबे सोलून त्याच्या फोडी दाखवाव्यात. प्रत्येक फोड मध्यभागी रुंद असते आणि दोन्ही टोकांस निमुळती होत जाते. दोन रेखावृत्तांमधील जागा अशीच विषुववृत्तावर सर्वांत रुंद, १११ किलोमीटर, आणि ध्रुवापाशी शून्य असते. आपल्या खानदेशात, २१ अंशांवर, ती १०४ किलोमीटर आहे. दक्षिणेस ११ अंशांवर १०९ किलोमीटर. वरच्या वर्गात मुले कोज्या शिकतील तेव्हा हे आकडे कोठून आले ते त्यांस कळेल. सातवीत ते सांगून टाकावेत. फोड मात्र दाखवावी, कारण ती दाखविल्यावाचून १०४ हा आकडा केवळ पाठांतराचा होतो. पाठ संपल्यावर मोसंब्याचे काय करावयाचे ते वर्ग स्वतःच ठरवील.

गणित असे होते. उत्तर-दक्षिण अंतर : ६ मिनिटे म्हणजे अंशाचा दहावा भाग, म्हणून सुमारे ११ किलोमीटर. पूर्व-पश्चिम अंतर : ४७ भागिले ६० गुणिले १०४, म्हणजे सुमारे ८१.५ किलोमीटर. हे दोन काटकोन त्रिकोणाचे भुज झाले. पायथागोरसाच्या सिद्धान्ताने कर्ण काढला की सुमारे ८२ किलोमीटर येतो. पट्टी घेऊन बसलेल्या मुलीचे उत्तर खरे ठरते, आणि पायथागोरसाचा सिद्धान्त पुस्तकातील त्रिकोणांखेरीज आपल्या गावासही लागू पडतो, हे वर्गास कळते.

हे ८२ किलोमीटर कोणी चालत नाही व कोणी गाडीने जात नाही. महामार्ग पाळधी, एरंडोल, पारोळा अशी गावे धरीत, गिरणेवरील पूल शोधीत जातो, म्हणून त्याचे सुमारे ९३ किलोमीटर होतात. आगगाडीचा मुख्य मार्ग जळगावहून नैर्ऋत्येस चाळीसगावास जातो आणि धुळ्याचा फाटा तेथून उत्तरेस वळतो. त्यामुळे सुमारे ९२ आणि ५७ मिळून दीडशेच्या घरात अंतर पडते. शिवाय चाळीसगावास गाडी बदलावी लागते. या चाळीसगावाकडे शिक्षकाने मुलांचे लक्ष नीट वेधावे. पुढे बेटांच्या उदाहरणात हेच चाळीसगाव दुसऱ्या नावाने पुन्हा भेटणार आहे.

विमानाचा वेळ भागाकाराने का निघत नाही

जळगावचा विमानतळ २०१२ मध्ये सुरू झाला. डिसेंबर २०१७ मध्ये तेथून मुंबईस नियमित प्रवासी विमान जाऊ लागले. ही सेवा पुढे खंडित झाली, पुन्हा चालू झाली. आणि २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद व पुणे यांच्याशी जळगाव जोडले गेले. धुळ्याजवळ गोंदूर येथेही धावपट्टी आहे, परंतु नियमित प्रवासी वाहतूक तेथून चालत नाही. विमान डोक्यावरून जाताना जळगाव तालुक्यातील मुलांनी पाहिलेले असते. म्हणून उदाहरण मुंबईचेच घ्यावे.

जळगाव व मुंबई या विमानतळांमधील सरळ अंतर वरील रीतीने सुमारे ३५५ किलोमीटर निघते. (आगगाडीचे अंतर ४२० किलोमीटर आहे.) पंख्यांची ७० आसनांची विमाने ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडतात. मुले भागाकार करून ४३ मिनिटे असे उत्तर देतील. वेळापत्रकात मात्र अशा उड्डाणास तासाहून अधिक काळ धरावा लागतो. ही २०-२५ मिनिटे कोठे गेली, हा प्रश्न फळ्यावर लिहून वर्गास थोडा वेळ विचार करू द्यावा.

वेळापत्रकातील काळ हा विमान आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील जागेवर येऊन थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीच्या टोकापर्यंत जमिनीवरून संथपणे जाणे आले, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आले. ताशी ५०० हा वेग उंचीवर पोहोचल्यानंतरचा. चढताना आणि उतरताना वेग त्याहून कमी असतो. विमान शक्यतो वाऱ्याच्या समोर तोंड करून उडते व तसेच उतरते, यास्तव गाव पूर्वेस असले तरी प्रथम पश्चिमेस उडून मग वळावे लागण्याचा प्रसंग येतो. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळाभोवती घिरट्याही घालाव्या लागतात. आणि समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल, तर ५०० चा वेग जमिनीच्या हिशेबाने ४५० च उरतो. एस. टी. चेही असेच आहे. गाडी ताशी साठने धावत असली तरी तिची सरासरी साठ भरत नाही, कारण थांबे व गावातील गर्दी तीही मोजावी लागतात.

हा भेद सर्वांत ठळकपणे दिसतो तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात. तेथील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन लहान बेटांच्या विमानतळांमधील अंतर अवघे २.७ किलोमीटर आहे आणि १९६७ पासून त्यांच्यामध्ये नियमित विमानसेवा आहे. नियमित प्रवासी उड्डाणांत जगातील हे सर्वांत लहान उड्डाण समजले जाते. वेळापत्रकात त्यास २ मिनिटे दिलेली असतात; वारा अनुकूल असताना ५३ सेकंदांतही ते पार पडलेले आहे. मुलांकडून वेग काढवून घ्यावा : २ मिनिटांच्या हिशेबाने ताशी ८१ किलोमीटर, ५३ सेकंदांच्या हिशेबाने ताशी सुमारे १८३. विमान तेच, अंतर तेच आणि वेग मात्र दुपटीहून अधिक बदलला. त्या विमानातून डॉक्टर व बेटाबेटांवर शिकविणारे फिरते शिक्षक प्रवास करतात, ही गोष्ट शिक्षकवर्गास विशेष वाटावी.

अगत्ती आणि पोर्ट ब्लेअर

बेटांची उदाहरणे घेण्याचे कारण उघड आहे. बेटावर जाण्यास ना महामार्ग, ना रूळ. तेथे तरी सरळ रेषा हाच मार्ग असणार, असे मुलांस वाटते. ते तपासून पाहण्यासाठी आपल्याच देशाच्या दोन टोकांचे विमानतळ घ्यावेत : अरबी समुद्रातील लक्षद्वीपचा अगत्ती येथील विमानतळ, आणि बंगालच्या उपसागरातील अंदमानचा पोर्ट ब्लेअर येथील. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे झाले; तेथील विमानतळास २००२ पासून वीर सावरकरांचे नाव आहे. सावरकरांस १९११ मध्ये मद्रासहून बोटीने तेथे नेण्यात आले, हे मुलांनी इतिहासात ऐकलेले असते. आजही चेन्नईहून बोटीने निघाल्यास अडीच-तीन दिवस लागतात.

अगत्ती विमानतळ १०° ४९′ उत्तर, ७२° ११′ पूर्व. पोर्ट ब्लेअर ११° ३८′ उत्तर, ९२° ४४′ पूर्व. अक्षांशांतील फरक ४९′, म्हणजे सुमारे ९० किलोमीटर. रेखांशांतील फरक २०° ३३′, आणि येथे एक अंश १०९ किलोमीटरचा, म्हणून सुमारे २,२४० किलोमीटर. कर्ण काढण्याचा खटाटोप केला तरी उत्तर दोनच किलोमीटरनी वाढते. ९० हा भुज २,२४० पुढे किती क्षुल्लक आहे, हे मुलांना स्वतः वर्ग करून पाहू द्यावे. इतक्या लांबच्या अंतरास पृथ्वीच्या गोलाईमुळे काटकोन त्रिकोण तंतोतंत लागू पडत नाही, तथापि ही बेटे विषुववृत्ताच्या जवळ असल्याने फरक फार थोडा पडतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून त्याची खातरी करून घेता येते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या जेट विमानास हे अंतर कापण्यास २ तास ४८ मिनिटे लागावीत. वर्ग हे गणित आनंदाने करील. त्यानंतर शिक्षकाने सांगावे की हे विमान अस्तित्वात नाही. अगत्ती बेट लांबट व अरुंद आहे आणि तेथील धावपट्टी सुमारे सव्वा किलोमीटरचीच आहे. नेहमीची मोठी प्रवासी जेट विमाने तेथे उतरू शकत नाहीत. जी पंख्यांची विमाने तेथे उतरतात (जळगावास येणारी विमाने याच जातीची आहेत), ती प्रवासी भरून एका दमात सुमारे दीड हजार किलोमीटरच्या पलीकडे जात नाहीत. जे विमान उतरू शकते ते पोहोचू शकत नाही, आणि जे पोहोचू शकते ते उतरू शकत नाही. नकाशावरची रेघ निर्वेध आहे, तरी त्या रेघेवरून प्रवासी जात नाही.

मग प्रवासी जातो कसा? अगत्तीहून कोची, कोचीहून चेन्नई, चेन्नईहून पोर्ट ब्लेअर, असा एक मार्ग आहे. त्याचे सरळ तुकडे अनुक्रमे सुमारे ४६५, ५२० आणि १,३७० किलोमीटर, एकूण २,३५५. म्हणजे सरळ अंतराहून अवघे ११५ किलोमीटर अधिक, शेकडा पाच. मुलांस वाटेल, वेळही शेकडा पाचच वाढेल. वस्तुतः तिन्ही उड्डाणांत मिळून पाच तासांच्या आसपास जातात, आणि त्याखेरीज कोचीस व चेन्नईस पुढचे विमान मिळेपर्यंत थांबावे लागते. सकाळचे विमान हुकले, तर चेन्नईस मुक्काम ठरलेला. अंतर शेकडा पाचने वाढले आणि काळ दुपटीच्या किंवा त्याहूनही पुढे गेला. धुळ्याच्या प्रवाशास जे चाळीसगाव, ते अगत्तीच्या प्रवाशास चेन्नई. वेळ खाणारे बहुधा अंतर नसते, जोडस्थान असते.

घड्याळ आणि सूर्य

याच दोन बेटांवरून रेखांश व काळ यांचा संबंध फार चांगला शिकविता येतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका अंशास ४ मिनिटे व अंशाच्या एका मिनिटास ४ सेकंद. २०° ३३′ चे ८२ मिनिटे १२ सेकंद झाले. पोर्ट ब्लेअरला सूर्य माथ्यावर येतो, त्यानंतर जवळजवळ दीड तासाने तो अगत्तीस माथ्यावर येतो. भारताची प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखांशावरून धरलेली आहे, आणि योगायोग असा की ही दोन्ही ठिकाणे त्या रेषेपासून दोन बाजूंस जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. सरासरीने पाहता, पोर्ट ब्लेअरचा मध्यान्ह घड्याळात ११ वाजून १९ मिनिटांनी होतो, अगत्तीचा १२ वाजून ४१ मिनिटांनी. जळगावचा १२ वाजून २८ मिनिटांनी व धुळ्याचा त्यानंतर ३ मिनिटांनी. शाळेच्या अंगणात काठी रोवून सावली केव्हा सर्वांत आखूड होते ते पाहिल्यास मुलांस याचा पडताळा येईल. ऋतुमानाप्रमाणे पंधरा-सोळा मिनिटांचा मागेपुढे फरक पडतो, एवढे मात्र आधी सांगून ठेवावे, नाहीतर हुशार मुले शिक्षकासच चुकीचे ठरवतील.

सूर्य निराळा असला तरी घड्याळ देशभर एकच आहे. म्हणून भारतात पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली की प्रवासाचा काळ मिळतो. परदेशच्या प्रवासास ही वजाबाकी चालत नाही. गावातील कोणी आखाती देशांत कामास असल्यास त्याचे उदाहरण घ्यावे; तेथे घड्याळ मागे असल्याने प्रवास आहे त्याहून लहान भासतो.

पाड्यापासून शाळेपर्यंत

हा पाठ बेटांपाशी थांबविल्यास मुलांची करमणूक होईल, उपयोग थोडा होईल. चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांत तर तो घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर आणूनच संपवावा. समजा, पाडा आणि शाळा यांमध्ये सरळ अंतर ८०० मीटर आहे व मध्ये नाला आहे. लहान मूल ताशी ४ किलोमीटर चालते असे धरल्यास माघात, नाला कोरडा असताना, ते १२ मिनिटांत शाळेत येते. श्रावणात नाल्यास पाणी आले की रस्त्याच्या पुलावरून वळसा घ्यावा लागतो. तो २,३०० मीटरचा असेल, तर तेच मूल ३४ मिनिटांनी येते, चिखलात तर त्याहूनही उशिरा. हजेरीपटावर त्याचे नाव ‘उशिरा येणारा’ म्हणून पडते. शाळेच्या माहितीपत्रकात त्या पाड्याचे अंतर ०.८ किलोमीटरच लिहिलेले असते.

शिक्षण हक्क कायद्याखालील केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा वस्तीपासून एक किलोमीटर चालण्याच्या अंतरात असावी, असे म्हटले आहे. शब्द ‘चालण्याचे अंतर’ असा आहे. वरील उदाहरणातील पाडा पट्टीने मोजल्यास या मर्यादेच्या आत बसतो, पावलांनी मोजल्यास वर्षातील काही महिने बाहेर पडतो. माहितीपत्रक भरणाऱ्या शिक्षकाने कोणते अंतर लिहिले, यावर वस्तीशाळेची किंवा वाहतूक सोयीची मागणी पुढे जाणार की नाही हे अवलंबून राहते. रकाना एकच असला तरी त्यापुढे ‘पावसाळ्यात वळशाने २.३ कि. मी.’ एवढे लिहिण्यास कोणाची हरकत नसते. हा आकडा मिळविण्याचे काम सातवीच्या मुलांस द्यावे. दहा पावलांची लांबी मोजून एका पावलाची सरासरी काढावी, मग प्रत्येकाने आपली वाट पावलांनी मोजावी, घड्याळ लावून वेळ टिपावी आणि शाळेच्या नकाशावर वाट आखावी. माघात एकदा व श्रावणात एकदा मोजणी झाली, म्हणजे तक्ता पुरा होतो. पूर असताना मुलांस मोजणीस पाठवू नये, हे सांगावयास नकोच.

सरावासाठी

१. आपल्या तालुक्याचे गाव व धुळे यांचे अक्षांश-रेखांश नकाशात पाहून सरळ अंतर काढा. एस. टी. चे अंतर वाहकास विचारून लिहा. दुसऱ्यास पहिल्याने भागा. भागाकार दीडहून अधिक आल्यास मध्ये काय आडवे आले ते शोधा.

२. एक विमान मुंबईहून सकाळी १० वाजता निघून दुबईस तेथील घड्याळाप्रमाणे ११ वाजून ४५ मिनिटांनी पोहोचते. दुबईचे घड्याळ आपल्याहून दीड तास मागे आहे. प्रवासास किती काळ लागला?

३. अगत्तीहून कोचीस ४६५ किलोमीटर अंतरासाठी वेळापत्रकात दीड तास दिला आहे. सरासरी वेग काढा. विमानाचा उंचीवरील वेग ताशी ५०० किलोमीटर असताना तो कमी का आला?

४. घरापासून शाळेपर्यंतचे सरळ अंतर, वाटेचे अंतर आणि लागलेला वेळ माघ व श्रावण या दोन्ही महिन्यांसाठी लिहा. वाटेत थांबावे लागल्यास कोठे व किती वेळ थांबला तेही लिहा.